कारणाचा रकाना भरणार कोण?

महोदय,

मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची, हे आता आमच्या खेड्यातही ठाऊक आहे. वारसनोंदीला दाखला लागतोच. अडचण कारणाची आहे. घरी मरण आले की डॉक्टर नसतो, घरचे सांगतील ते ग्रामसेवक लिहितो. फवारून आलेला माणूस उलट्या होऊन गेला तरी कागदावर ‘अटॅक’, आणि साठी ओलांडलेले सगळेच म्हणे वृद्धापकाळाने! यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एकाच हंगामात दवाखाने भरले म्हणून बोभाटा झाला. एकेकटा जाणारा कुठेच मोजला जात नाही. सर्पदंशाचे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे तेच.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात बालमृत्यूंची कारणे घरोघरी विचारून नोंदवली, गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला. माता-बालमृत्यूंची निदान चौकशी तरी होते. मोठ्या माणसांच्या मृत्यूचीही छापील प्रश्नावलीवर, आशाताईंकडून, जिल्हा परिषदेने करून घ्यावी. फुकटात मात्र नको. त्यांच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे.

– एक निवृत्त आरोग्यसेवक, घाटंजी (जि. यवतमाळ)