'डार्क साइड' सलगच ऐकावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'द डार्क साइड ऑफ द मून'च्या चाहत्यांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1973 चा हा अल्बम लोक आजही ऐकतात ते तरुणपणाच्या आठवणींपायी, असा लेखाचा सूर आहे. तो पटत नाही. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत 1973 ते 1988 या काळात हा अल्बम 741 आठवडे होता. तेवढ्यात श्रोत्यांची नवी पिढी आली. तिला कसल्या आठवणी?

खरे कारण कारागिरीत आहे. 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीचा गल्ल्याचा खणखणाट घ्या. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचे यंत्र असे सात आवाज टेपवर घेतले, पट्टीने मोजून टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापले, एकामागे एक चिकटवले आणि ते वेटोळे माइकच्या स्टँडभोवतून फिरवले. गाण्याच्या सात मात्रा त्यातून सुरू होतात. सात मात्रांचा रूपक ताल मोजणाऱ्याला हे जड नाही, पण सॅक्सोफोन संपून गिटार आली की ठेका चारचा होतो आणि मोजणारा हमखास घसरतो.

आता ऐकण्याबद्दल, कारण लेखात त्यावर एक ओळही नाही. सुमारे 43 मिनिटांच्या या अल्बममध्ये गाणी एकमेकांत मिसळतात. खरा थांबा एकच, एलपीची बाजू पलटताना. फोनवर ऐकत असाल तर शफल (गाण्यांची उलटसुलट क्रमवारी) बंद करा, क्रॉसफेड (एक गाणे विरताना दुसरे त्यावर चढवणे) शून्यावर आणा आणि 'गॅपलेस' (मध्ये खंड न पाडता वाजवणे) चालू ठेवा. क्रॉसफेडने मुळातल्या सांध्यावर दुसरा सांधा चढतो आणि सगळा गिचका होतो. एमपी3 फाइलला दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. प्लेअरने ती छाटली नाही तर 'ब्रेन डॅमेज'मधून 'इक्लिप्स'मध्ये शिरताना ठेका अडखळतो. आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये ही कटकट नाही. सुरुवातीचे हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवू नका. 'ब्रीद'वर आवाज बेतून घ्या, नाहीतर 'टाइम'मधली घड्याळे शेजाऱ्यांनाही उठवतील.

एलपीवर परीक्षा होते ती पहिल्या बाजूच्या शेवटी. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण आतल्या खाचेत सुईखालून सरकणारी लांबी बाहेरच्या निम्म्याहून कमी असते. 'द ग्रेट गिग इन द स्काय' नेमके तिथेच येते. गायिका क्लेअर टोरींचा चढा स्वर तिथे चिरकला तर दोष त्यांच्या गळ्याला देऊ नये. (30 पौंडांवर गायलेल्या या बाईंना गाण्याच्या श्रेयात वाटा मिळायला 2005 ची तडजोड उजाडावी लागली.) सुई झिजलेली किंवा कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) तिरके बसलेले असते. आधी ब्रशने सुई साफ करा, मग कोन तपासा, मग सुईचे खाचेवरचे वजन. वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिले असेल तेवढेच ठेवा. कमी ठेवले तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे; हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ओरबाडते.

चोर बाजारात किंवा इतरत्र जुनी प्रत घेताना चकचकीत कव्हरवर जाऊ नका. सुरुवातीचे ठोके आणि पहिल्या बाजूचा शेवट, एवढे दोनच तुकडे वाजवायला सांगा. चरचर ठोक्यांत उघडी पडते, झीज टोरींच्या स्वरात. मूळ ब्रिटिश प्रतीसोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. ते नसतील तर भाव पाडून मागावा.

जाता जाता, लेखासोबतच्या चित्रात लोलकातून सात रंग निघताना दाखवले आहेत. मूळ मुखपृष्ठावर सहाच आहेत. पारवा त्यात नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली