होडी यंदा १८ मेला वर घ्या

रत्नागिरी,
५ मे २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, होडी ३१ तारखेपर्यंत पाण्यात ठेवायचा तुमचा विचार फोनवर कळला. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी, म्हणजे अजून सव्वीस दिवस हातात, हा हिशेब वरवर बरोबर आहे. पण मोसमाच्या शेवटी आधी होडी कुठल्या भरतीला वर चढेल ते बघायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. पंचांग आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवलं, तर यंदा ती भरती १७-१८ मेची निघते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१६ मेला अमावास्या. त्यानंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत चढतं, आणि या वेळी त्याच सुमाराला चंद्रही पृथ्वीच्या जवळ आहे. म्हणजे मोठ्या उधाणातलं मोठं उधाण. मग येतो अधिक ज्येष्ठ, आणि पौर्णिमा पडते थेट ३१ मेला. त्या दिवशी चंद्र पृथ्वीपासून लांब असणार, त्यामुळे उधाण असूनही पाणी १८ तारखेइतकं वर येणार नाही. मधे २३ मेला अष्टमी, त्यापुढचे दोन-तीन दिवस भांग, म्हणजे भरती कमी चढते. भांगाच्या पाण्यात होडी आपल्या पुळणीच्या वरच्या टप्प्यापर्यंत पोचत नाही, उरलेलं अंतर माणसांच्या खांद्यावर पडतं. त्यामुळे १९ तारीख हुकली की पुढची सोय सरळ महिनाअखेरीला, तीसुद्धा कमी पाण्यावर आणि पावसाच्या तोंडावर.

गेल्या वर्षीचा मे आठवा. २४ मे २०२५ ला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढलं आणि २५ तारखेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला. नेहमी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. २०२१ साली तौक्ते १६ मेला आपल्या समोरून गेलं, २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडात धडकलं. दरवर्षी असंच होईल असं नाही, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अरबी समुद्राचं पाणी तिसाच्या वर तापलेलं असतं आणि वादळाला लागणारी ऊब तिथेच मिळते. वादळाची सूचना तीन-चार दिवस आधी मिळते, हे खरं. ते तीन-चार दिवस भांगाचे असले तर सूचना मिळूनही होडी वर घेता येत नाही, माझी काळजी ती आहे.

आता मिळकतीचं. कांडाळीला, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याला, काळोख हवा आणि पाण्याला ओढ कमी हवी. या दोन्ही गोष्टी ११ ते १४ मेच्या रात्री एकत्र येतात: ९-१० तारखेच्या अष्टमीमागून येणारा भांग, आणि चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. संध्याकाळपासून निदान दीडपर्यंत पूर्ण काळोख मिळेल. या चार रात्री सोडू नका. १५ पासून ओढ वाढत जाईल, जाळं आडवं पडायला लागेल, जाळ्याचे तरंगते बोये पाण्याखाली जातील. १६ ते १९ तसेही जाळं टाकण्याचे दिवस नाहीत. २० पासून चांदणं वाढत जातं आणि मासा जाळं बघून बाजूने निघतो. २३-२४ ला चंद्र मावळल्यावर थोडा काळोख मिळेल, तेवढीच फट. तेवढ्या दोन रात्रींसाठी होडी खाली ठेवू नये असं मला स्पष्ट वाटतं.

त्या चार रात्रींसाठी दोन-तीन गोष्टी. वरचं पाणी तापलेलं असल्यामुळे बांगडा वर कमी, खाली जास्त असतो. बोयाचा दोर एक-दोन वाव, म्हणजे सहा ते बारा फूट, वाढवून जाळं तेवढं खाली सोडा. जाळं तीन तासांच्या वर पाण्यात ठेवू नका. ऊन पाण्यात मेलेला मासा जाळ्यातच मऊ पडतो, मग बर्फ कितीही घाला, भाव जातोच. बर्फ किलोला किलो धरा, हिवाळ्याचा हिशेब मेमध्ये चालत नाही. मे सरत आला की किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो, म्हणून जाळं नेहमीच्या खुणेपेक्षा थोडं उत्तरेला सोडा, ते वाहत आपल्या जागेवर येईल. उचललं की त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. या दिवसांत धाग्यावर चिकट बुळबुळीत थर बसतो, तो मासा दुरून ओळखतो.

जायचं की नाही, ते आदल्या संध्याकाळी ठरवा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाच दिवसांचा असतो, त्यात 'दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा' वाचा. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा लिहिला असेल तर विषय संपला. पण आपल्या होडीची मर्यादा त्याच्या बरीच खाली आहे: वारा २५ च्या आत, लाट दीड मीटरच्या आत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचा अंदाज देते, त्यात जी लाटेची उंची असते ती सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. दीड मीटर लिहिलं असेल तर एखादी लाट जवळजवळ तीन मीटरची येऊ शकते. बंदरावर तीन नंबरचा बावटा दिसला तर जाळं घरातच राहू दे. एक आणि दोन नंबर लांबच्या वादळाचे असतात, ते बघून पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा.

वारा नसताना येणारी लाट जास्त फसवी. मेमध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांची लांब लाट इथवर पोचते. घड्याळ लावून दोन लाटांमधले सेकंद मोजा. सात-आठ असतील तर ती इथल्या वाऱ्याची. पंधरा ते वीस असतील तर ती लांबून आलेली आहे. खोल पाण्यात ती कळतही नाही, खाडीच्या तोंडाशी उभी राहते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात फुटते, आणि वाळूच्या दांड्यावर ओहोटीला पाणी त्याहून कमी उरतं. त्यात आतून बाहेर येणारी सुकती, म्हणजे ओहोटीचं पाणी, तिला समोरून भिडते, मग लाट अधिकच ताठ होते. अशा दिवशी आत यायचं ते भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. सुकती लागली असेल तर बाहेर नांगरून पुढच्या भरतीची वाट बघा, सहा तास गेले तरी चालतील.

पहाटेची मतलई हीसुद्धा खूण आहे. ती पडली, म्हणजे जमिनीकडून येणारा गार वारा थांबला आणि पहाटेच वारा नैर्ऋत्येकडून लागायला लागला, की मोसम पलटतो आहे. दुपारी सह्याद्रीवर ढगांची माथी पसरट झालेली दिसली तर संध्याकाळी वळीव. त्याचा वारा घाटाकडून येतो आणि होडीला समुद्राकडे ढकलतो. आधी गार झोत, पाऊस मागून. झोत लागल्यावर जाळं उचलत बसू नका; बोया बांधून सोडून द्या आणि नांगर टाका. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, वारा जोराचा असेल तर सातपट. दहा मीटर पाण्यात सत्तर मीटर दोर. दोर आखूड पडला की नांगर वाळूत रुतत नाही, घसरत जातो. पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही होडीत आतून रंगाने लिहून ठेवा, फोन भिजला तरी दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतील.

१७ ला रविवार आहे, माणसं घरी असतील. त्या दिवशी इंजिन, जाळी, नांगर, टाकी सगळं उतरवून होडी रिकामी करा. १८ ला ओढा, १९ हातचा ठेवा. १८ ला द्वितीया; तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला, आपल्याकडे त्याच्या थोडी आधी. पावसाळ्याच्या तोंडावर दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा चढती असते, म्हणून रात्रीचा घाट घालू नका. पाणी चढत असताना, भरतीच्या तासभर आधीच होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ओंडक्यांवर चढलेली हवी. पाणी फिरल्यावर प्रत्येक मिनिटाला होडी जड होत जाते. वर नेल्यावर खालचं बूच काढून ठेवा. आठ मीटर लांब आणि सरासरी दीड मीटर रुंद होडीत शंभर मिलिमीटर पावसाचं बाराशे लिटर पाणी साठतं, म्हणजे जवळजवळ सव्वा टन, आणि तो सगळा भार टेकूच्या दोन जागांवर येतो. ताडपत्री बांधलीत तर होडीही चारही कोपऱ्यांना खुंट्यांशी बांधा. वाऱ्यात ताडपत्रीचं शीड होतं आणि रिकामी होडी उचलली जाते.

होडी काही कारणाने खाली राहिलीच, तर तिला पुळणीसमोर ठेवू नका. खाडीत आत, कांदळवनाच्या आडोशाला दोन नांगरांवर ठेवा, दोघांच्या दोरांत बऱ्यापैकी कोन राखून. दोराचा हिशेब भरतीच्या खोलीवर करा.

आई, तुझ्या सुक्याचंही याच तारखांत बसतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागतं. मग खारवलेला बांगडा उन्हात ठेवूनही वाळत नाही, उलट ओलावतो, आणि त्यावर पुढे गुलाबी डाग धरतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात ढगाळ हवेत हेच होतं. ११ ते १४ चा मासा तीन किलोला एक किलो मीठ लावून घेतलास तर २० तारखेच्या आत चांगला वाळेल. वाळूवर घालू नकोस, जाळीच्या मांडवावर घाल, खालून वारा लागला पाहिजे. डब्यात भरायचा तो दुपारी. उन्हातून काढून सावलीत निवू दे आणि चार वाजायच्या आत झाकण लाव. संध्याकाळची दमट हवा डब्यात गेली तर आठवड्याच्या आत वास येतो. बाबा १५ नंतर जे काही आणतील ते ताजंच विकून टाक.

ओंडक्यांना लावायला वंगणाचे दोन डबे आणि नांगराचा नवा सत्तर मीटर दोर मी शनिवारच्या एसटीने पाठवते. जुना दोर टेकू बांधायला वापरा, नांगराला नको. त्याचे पीळ मधे सुटलेले आहेत. १० तारखेला संध्याकाळी फोन करते, त्या दिवशीचा अंदाज बघून ११ चं नक्की करू.

तुमची,
बाय