रोजगार हमीचा हजेरीपट वाचायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विकास या विषयाच्या ऑनर्स पदवीसाठी मी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर लिहिलेला प्रबंध मान्य झाला असून पदवीही हाती आली आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपला उल्लेख आहे. परंतु तो इंग्रजीत आहे, एका ओळीचा आहे, आणि माहिती देणाऱ्यांची ओळख उघड न करण्याचे वचन मी दिलेले असल्याने त्यात आपले नाव नाही. माण तालुक्यातील आपल्या घराच्या ओसरीवर बसून आपण मला जे शिकवले ते त्या ओळीत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, या विषयाकडे वळू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपर्यंत आपले शिकवणे पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या अभ्यासक्रमात वाचन पुष्कळ असते. 20 जानेवारी 1949 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी केलेल्या भाषणानंतर जगाची विकसित आणि अविकसित अशी विभागणी कशी रूढ झाली, 1990 साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल निघाल्यावर उत्पन्नाच्या जोडीने आयुर्मान आणि शिक्षण कसे मोजले जाऊ लागले, श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम मदत म्हणून द्यावी हे 1970 साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले उद्दिष्ट कॅनडाने आजवर का गाठले नाही, हे सारे आम्ही शिकतो. ज्या विद्यापीठात मी हे शिकले, त्याची स्थापना पेशवाई बुडाली त्याच 1818 साली झाली, आणि ज्यांनी ते स्थापन केले त्या अर्ल ऑफ डलहौसींच्याच मुलाने पुढे गव्हर्नर जनरल म्हणून 1848 मध्ये आपला सातारा खालसा केला. वर्गात संपत्ती कोठून कोठे गेली याची चर्चा चाले तेव्हा सातारा जिल्ह्यातून आलेल्या मला हे नाते विसरता येत नसे.

या सर्व वाचनात रोजगार हमी योजना मला वेगळी वाटली, कारण ती परदेशी मदतीतून आलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला, 1972 साली ती राज्यात सुरू झाली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. शहरांतील पगारदारांकडून 1975 पासून घेतला जाणारा व्यवसाय कर तिच्यासाठी राखून ठेवण्यात आला आणि त्यात राज्य सरकारने आपला वाटा घातला. ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा 2005 साली झाला, तेव्हा महाराष्ट्रापाशी तीन दशकांचा अनुभव जमा होता. इतके मला पुस्तकांतून कळले होते. मजुराचा हक्क कायद्यातून बांधावर कसा पोहोचतो आणि वाटेत कोठे अडतो, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आपण दाखवलेल्या कागदांत होते.

आपण प्रथम हजेरीपट, म्हणजे मजुरांची हजेरी आणि मजुरी नोंदवणारे मस्टर, पुढे ठेवलात. आधी स्वतः मजूर, मग हजेरी सहाय्यक आणि शेवटी तहसील कार्यालयात कारकून, अशा तिन्ही जागांवरून तो आपण पाहिलेला असल्याने, एकाच कागदावर मजूर काय शोधतो, मुकादम काय लपवू शकतो आणि कार्यालय काय तपासते, हे आपण स्तंभागणिक सांगत गेलात. त्यानंतर झालेल्या कामाची मापे नोंदवणारे मोजमाप पुस्तक आले. मातीकामात खड्ड्यामध्ये न खोदता सोडलेला उंचवटा मूळ जमिनीची पातळी दाखवतो आणि त्यावरूनच खोली मोजता येते. तो मोजणीआधी पाडला गेला तर टोळीने किती खोदले याचा पुरावाच उरत नाही, हे मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते. त्याहून महत्त्वाचे असे की, माती किती अंतरावर आणि किती उंचीवर नेऊन टाकली याचा दर वेगळा असतो, आणि खोदण्याचे काम बहुधा पुरुषांकडे व वाहण्याचे काम बायकांकडे असते. अंतर कमी लिहिले गेले की जी मेहनत हिशेबातून गळते ती मुख्यतः बायकांची असते. समान दराचा नियम पूर्ण पाळूनही बायकांचे श्रम कमी कसे भरतात, हे माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण आपल्या या स्पष्टीकरणावर उभे आहे, आणि परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्यावरच विचारले.

अर्जाच्या पोचपावतीबद्दल आपण जे सांगितले तेही मी जन्मभर लक्षात ठेवीन. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, हे 2005 च्या कायद्यातील कलम आम्ही वर्गात हक्काधारित विकासाचे उत्तम उदाहरण म्हणून शिकलो. आपण विचारलेत, “हे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे?” तारीख घातलेली पोच मजुराच्या हाती नसेल तर दिवसांची मोजणी सुरूच होत नाही, आणि सगळा हक्क त्या एका चिठ्ठीवर टांगलेला राहतो. या प्रश्नानंतर मी मुलाखतींचा क्रम बदलला आणि प्रत्येकाला आधी पोचेबद्दल विचारू लागले.

मुलाखतींवरून आठवले. माणसांशी बोलून संशोधन करायचे तर विद्यापीठाच्या संशोधन नीती मंडळाची आगाऊ परवानगी आणि प्रत्येकाची संमती लागते. मी संमतीपत्राचा मसुदा पाठवला तेव्हा आपण फोनवर सांगितलेत की, ज्या बायांनी आयुष्यभर न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उठवले त्यांच्यापुढे पुन्हा शाई ठेवू नये. सगळे वाचून दाखवावे, आणि नाही म्हणायला त्यांना एक रात्र द्यावी. मी हे कारण मंडळाला कळवले, आणि तोंडी संमतीला मंजुरी मिळाली. काही जणींनी दुसऱ्या दिवशी खरोखरच नकार दिला. ज्या बोलल्या त्या मोकळेपणाने बोलल्या.

1972 च्या दुष्काळाबद्दल आपण फार थोडे बोललात. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती, आणि त्या मजुरीमुळेच मोठी जीवितहानी टळली, असे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्यांच्या अभ्यासात मांडले आहे. त्या 50 लाखांत खडी फोडणारे एक कोवळे पोर आपण होतात. मी आकडा सांगितल्यावर आपण इतकेच म्हणालात की, जीव वाचले हे खरे, पण पगार लांबला की वाण्याची उधारी वाढे, आणि तिचा हिशेब कोणत्याही मस्टरवर नसे. मजुरी उशिरा मिळाल्याने होणारे नुकसान मोजणारे प्रकरण मी त्यानंतर प्रबंधात घातले.

काका, आपण माझ्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवली नाही. परदेशातून आलेली मुलगी म्हणून कौतुकही केले नाही. माझ्या प्रत्येक टिपणावर, कार्यालयातील कागद तपासावा तसे, पेन्सिलीने खुणा केल्यात. पदवीच्या चार वर्षांत मला इतक्या काळजीने वाचणारे फार थोडे भेटले, आणि त्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

प्रबंधातील मजुरीच्या मोजमापाचे आणि उधारीचे प्रकरण मी मराठीत उतरवत आहे. त्याची एक प्रत आपल्याकडे आणि एक, ज्यांनी मुलाखती दिल्या त्या बायांना वाचून दाखवण्यासाठी, गावच्या वाचनालयात पोहोचवीन. आपल्या प्रतीत समास मोठा ठेवला आहे. दरांच्या तक्त्यात काही फरक आढळल्यास तो नेहमीप्रमाणे पेन्सिलीने नोंदवावा. दुरुस्तीनंतरच ते प्रकरण मी इतरांना देईन.

काकूंना सादर नमस्कार.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी