सही एकाची, पक्कड दुसऱ्याची

महोदय,

कालच्या करिअर पुरवणीत इलेक्ट्रिशियन कसं व्हायचं ते वाचलं. दहावी, आयटीआयची 2 वर्षं, मग अप्रेंटिसशिप, अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना, वर पर्यवेक्षक, त्याच्याही वर ठेकेदार. सगळं बरोबर. मी याच वाटेने जाऊन सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो, तेव्हा लेखकाला पैकीच्या पैकी. फक्त ही शिडी न चढताच लोक गच्चीवर कसे पोचतात, तेवढं राहून गेलं.

गेल्या वर्षी बहिणीने सिन्नरजवळ घर बांधलं. गिझर लावला आणि नळाला हात लावला की झिणझिण्या. ‘नवीन आहे, होतं असं,’ इति वायरिंगवाला. मी बोर्ड उघडला. 16 अँपिअरच्या सॉकेटची अर्थची पिन मोकळी, आणि अर्थसाठी राखलेली हिरवी वायर एक्झॉस्ट फॅनला फेज न्यायला वापरलेली. लाल बंडल संपलं होतं म्हणे! आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ, सारखी पडते म्हणून तीही त्यानेच डायरेक्ट करून टाकलेली. मग मीटरच्या अर्जाला जोडलेल्या टेस्ट रिपोर्टची प्रत पाहिली. अर्थिंगचा रेझिस्टन्स सुवाच्य अक्षरात भरलेला, खाली परवानाधारक ठेकेदाराचा सही-शिक्का. आणि आवारात अर्थिंगचा खड्डाच नाही! त्या साहेबांना फोन केला, तर ‘कुठलं घर?’ असं त्यांनी मलाच विचारलं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत बल्ब, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर बाकीचं परवानाधारक ठेकेदाराने, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या माणसाच्या हातून करायचं असतं. म्हणजे तिघं झाले. बहिणीकडे आला तो चौथाच. आयटीआयची पोरं वर्कशॉपमध्ये 2 वर्षं घासून बाहेर पडतात आणि ‘तो पॉइंटमागे कमी घेतो’ हे ऐकून घरी परततात. शिक्का भाड्याने देणाऱ्याचा परवाना जाईपर्यंत हे असंच चालायचं. आपल्या लेखकांनी पुढच्या भागात शिक्क्याचा चालू भावही छापावा, होतकरूंची 2 वर्षं वाचतील.

आणि लेखासोबतचा तो फोटो! पायात स्लीपर, दातांनी वायर सोलतोय. आमच्या निदेशकांनी असल्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आपण त्याला चार कॉलम दिलेत. त्यापायी शब्दकोडं मात्र इतकं आक्रसलंय की चौकटीत अक्षर मावत नाही. तेवढं तरी रविवारपासून पूर्ववत करावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वायरमन, नाशिक