काका, तुमच्या वेबिलाला आमचा नमस्कार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाशिक ते त्र्यंबकेश्वर निधी-पदयात्रेचा हिशेब तपासनिसांकडून एकही शेरा न येता परत आला. तुमचे आभार घरी येऊन मानता आले असते, पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनासाठी असं काही करू पाहणाऱ्या इतर मंडळांनाही तुमची पद्धत कळावी म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका.

तुमच्यासारख्या एसटीतल्या कंट्रोलरला पदयात्रेतलं काय कळणार, असं पहिल्या बैठकीत दोघातिघांच्या चेहऱ्यावर होतं. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत : टप्पे किती आणि भरणा कुठे?

आधी भरण्याचं. तुम्ही दोन रंगांची पावती पुस्तकं छापायला लावलीत. प्रवेश शुल्काची पांढरी, देणगीची गुलाबी. प्रवेश शुल्काच्या बदल्यात माणसाला टी-शर्ट, नाश्ता, पाणी मिळतं, त्यामुळे ती देणगी नव्हे आणि तिला ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, लागू होत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात फाडल्या की मार्चअखेर कोणती कोणाची हे कुणालाच सांगता येत नाही. गुलाबी पावतीवर तुम्ही 'सिकलसेल संशोधनासाठी' हे शब्द छापून घेतलेत. 'रुग्णांसाठी' असं मोघम लिहिलं तर दाता समजतो की पैसे औषधपाण्याला गेले, आणि संशोधन संस्थेकडून विनियोगाचं, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचं, प्रमाणपत्र मागताना आपलीच जीभ अडखळते.

पुस्तकं वाटताना तुमच्या वहीत प्रत्येकासाठी एक ओळ होती, अगदी कंडक्टरच्या वेबिलासारखी, म्हणजे त्याच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखी : पुस्तक ४, सुरुवात २०१, शेवटची २३७, रद्द २१२, म्हणजे पावत्या ३६. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच टाचून ठेवायच्या, फाडून फेकायच्या नाहीत. रोज संध्याकाळी सातला आकडा सांगायचा, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. 'उद्या देतो' म्हणणाऱ्याला त्या दिवशी नवीन पुस्तक नाही. हे जरा कडक वाटलं होतं, आता वाटत नाही.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की तिच्यावर ८०जी ची सूट मिळत नाही, हे स्टॉलवरच्या पाटीवर तुम्ही जाड अक्षरांत लिहिलंत. यूपीआयचा घोटाळा वेगळा. पैसे येतात, पण पॅन आणि पत्ता येत नाही, आणि ते नसले की ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायच्या देणगीदारांच्या विवरणात त्या माणसाचं नाव जात नाही. मग करसवलतीच्या प्रमाणपत्रासाठी फोन सुरू होतात. क्यूआर कोडच्या शेजारी फॉर्म आणि दोरीला बांधलेलं पेन, हा त्यावरचा तुमचा साधा उपाय. (पेन दोरीला बांधायचं का, हेही ज्याने स्टँडवर चौकशी खिडकी सांभाळलीय त्यालाच सुचतं.)

चालणारा जितकं चालेल तितके, किलोमीटरला १० रुपये देईन, अशी दात्याची बोली ऐकायला छान लागते. पूर्ण चाललं तर २८ किलोमीटरचे २८०. पण कोणी वाटेत महिरावणीलाच थांबला की हिशेब कितीचा, यावर वाद, आणि वसुलीला पुढचे दोन महिने. 'तिकीट गाडी सुटायच्या आत फाडायचं', म्हणजे देणगी चालायच्या आधीच घ्यायची, हे तुमचं वाक्य आम्ही नियम म्हणून लिहून ठेवलंय.

आता टप्पे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या जादा गाड्या सोडणाऱ्या माणसाला ३०० जण एकदम रस्त्यावर सोडणं मुळातच पटणारं नव्हतं. तीस-तीसच्या दहा तुकड्या, दर पाच मिनिटांनी एक. पहिली गोल्फ क्लब मैदानावरून पहाटे पाचला, शेवटची पावणेसहाला. मग तुम्ही गणित मांडलंत : वेगवान माणूस तासाला साडेपाच किलोमीटर, सावकाश चालणारा साडेतीन. म्हणजे १६ किलोमीटरवरच्या पाण्याच्या ठाण्यावर पहिला ७:५५ ला येणार आणि शेवटचा १०:२० च्या सुमारास. त्यामुळे तिथलं पाणी अडीच तास टिकलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच फसतं. सगळ्या ठाण्यांना सारखंच पाणी आणि सारखीच माणसं दिली जातात, पुढच्या ठाण्यावरचे स्वयंसेवक साडेआठला आवरून निघतात आणि मागून येणाऱ्या आजींना रिकामा जार मिळतो.

माणशी पाव लिटर धरलं तर ३०० जणांना ७५ लिटर, म्हणजे २० लिटरचे चार जार. हात धुणं आणि सांडणं धरून पाच. जार नळाचेच हवेत, उपडे करून ओतताना निम्मं पाणी रस्त्यावर जातं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरातच मिसळायचं, ग्लासात अर्धं पाकीट टाकून नाही. थंडीत पहिल्या दोन ठाण्यांवर कोणी पाणी पीत नाही आणि उन्हं चढल्यावर तळेगावपाशी एकदम घटाघटा पितात, म्हणून दुसऱ्या ठाण्यावर तुम्ही आग्रह करायला दोन बायका उभ्या केल्यात. पुरुषांचं कोणी ऐकत नाही, हेही तुमचंच निरीक्षण.

परवानगीचे अर्ज दोन, कारण शहर पोलिसांची हद्द संपली की पुढे ग्रामीण पोलीस. पौष वद्य एकादशीच्या आसपासची तारीख तुम्ही ठामपणे खोडलीत. निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या याच रस्त्याने येतात. सातपर्यंत अंधार, म्हणून पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या आणि चालायचं रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं. वाटेतल्या शाळांच्या स्वच्छतागृहांच्या किल्ल्या शनिवारी शाळा सुटायच्या आत ताब्यात. रविवारी सकाळी किल्लीवाला सापडत नाही.

एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. सिकलसेल असलेल्या मुलांनाही चालायचं होतं. थंडी, पाण्याची कमतरता आणि दमणूक, तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. तुम्ही त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीने फक्त शेवटचा एक किलोमीटर ठेवलात, तोही ऊन पडल्यावर, आणि सुरुवातीलाच घोंगड्या आणि कोमट पाणी.

स्टॉलवर हमखास येणारा प्रश्न, 'औषध आहे ना, मग संशोधन कशाला?' त्याचं उत्तर तुम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतलंत : हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात, आजार जात नाही, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला जुळणारा दाता लागतो, जनुक बदलण्याच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली, पण त्याची किंमत सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या घराला पेलणारी नाही.

गुलाबी पुस्तक क्रमांक ७ तुमच्याकडेच राहिलंय, त्यात बारा कोऱ्या पावत्या आहेत. रविवारी सकाळी न्यायला येतो. वहीत ओळ काढून ठेवा, आणि काकूंना सांगा चहा आम्ही पिऊनच येणार आहोत.

आपली,
पदयात्रेची व्यवस्था पाहणारी मंडळी, नाशिक