दारू सोडलेल्या बाईचे शरीरही सावरू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य.

महोदय,

सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी उमर गेली. आता डिचोली भागात दारू सोडलेल्या काही बायकांबरोबर रोज चालायला जाते. हे पत्र त्यांच्यासाठी.

त्यांतल्या एकीची चप्पल एकदा चालता चालता पायातून निसटली. ती तशीच पुढे चालत राहिली. मागून येणाऱ्या पोराने चप्पल आणून दिली, तेव्हा तिला कळले. वर्षानुवर्षे दारू आणि अर्धे पोट, त्यात पायांच्या नसा बधिर झालेल्या. दारू सुटून बरेच महिने झाले होते, म्हणजे घरच्यांच्या लेखी ती बरी झाली होती. पण तिचे पाय, हिमोग्लोबिन, लिव्हर कोणीही तपासले नव्हते.

दारू बाईला पुरुषापेक्षा लवकर पोखरते. तिच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तात दारू जास्त चढते. लिव्हर कमी वर्षांत खराब होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या दारूनेही वाढतो. २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या नावाने स्तनतपासणी सुरू झाली, हे फार चांगले काम झाले. त्याच तपासणीत, पडद्याआड, बाई एकटी असताना दारूबद्दलही विचारले जावे. एरवी ती आपणहून सांगणार नाही. पुरुष तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात बसतो, गावाला दिसतो. बाई पोरे झोपल्यावर स्वयंपाकघरात घेते, आणि आमच्याकडे येते ती ‘ॲसिडिटी झाली’, ‘झोप लागत नाही’, ‘हात कापतात’ असे सांगत. आम्ही गोळ्या देतो, ती जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ वर्षांवरील ५.५ टक्के स्त्रियांनी दारू घेत असल्याचे सांगितले. देशाचा आकडा १.३ टक्के आहे. घेणारी प्रत्येक जण व्यसनी नसते, हे मान्य. पण सासू शेजारी उभी असताना किती जणी खरे बोलल्या असतील?

उपाय शोधायला लांब जायला नको. ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्यांशी बोलून दारू कमी करण्याचे काम करून पाहिले. २०१७ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ३ महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या खाली आले होते, ते न मिळालेल्यांत २६ टक्के. पण या अभ्यासातले सगळे ३७७ जण पुरुष होते. बायकांसाठी असेच काम आता आपल्या खात्याने हाती घ्यावे.

घरच्या घरी एकदम दारू तोडणे जिवावर बेतू शकते, हे अजून किती घरांना माहीत नाही! पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, आणि लोक तिला खोलीत कोंडतात किंवा देवाकडे कौल लावतात. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, पण सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातली आई तान्हे पोर कोणाच्या भरवशावर सोडून तिथे दाखल होणार? तिला मुलासह राहता येईल अशा चार खाटा तालुक्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रात ठेवा. तिथे थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने कधी संपू देऊ नका, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यायचे, हे प्रत्येक नर्सला पक्के शिकवा. आधी नुसते ग्लुकोज गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आणि दारू सुटल्यावर तिला वाऱ्यावर सोडू नका. आठवड्यातून एक दिवस फक्त बायकांची ओपीडी हवी. तिथे रक्ताची आणि लिव्हरची तपासणी व्हावी, फिजिओथेरपिस्टने पाय पाहावेत, आणि बोलायला एक बाईच असावी. दारावर ‘व्यसनमुक्ती’ची पाटी मात्र लावू नका, पाटी दिसली की कोणी आत पाऊल टाकणार नाही. ‘महिला आरोग्य’ पुरे आहे. वेळ दुपारची ठेवा, सकाळी त्यांना घरातून निघता येत नाही.

सुरुवात एका तालुक्यापासून झाली तरी चालेल. डिचोलीत सुरू केलेत तर समुपदेशनाचे प्रशिक्षण घ्यायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबरच्या निवृत्त नर्सपैकी आणखी काही जणी येतील. मानधनाचे नंतर बघू.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली