सुमे, ते नाटक नव्हतं

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय सुमे,

नवरात्रात तुझा फोन उचलला नाही, दिवाळीतही नाही. रागावली असशील, पण आधी हे वाच. बीपी ठीक, साखर आहे तशीच. गोष्ट गुडघ्याची आहे.

भाद्रपदात गंगेवर बुधवारच्या बाजाराला गेले होते. मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या, घाटाची पायरी चढले आणि डाव्या गुडघ्यात आतून सुरी फिरल्यासारखं झालं. ना पडले, ना पाय मुरगळला. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "वयाची झीज," आणि व्यायाम दिले. सहा आठवडे ते इमानेइतबारे केले, दुखणं वाढतच गेलं. दिवसा कसंबसं निभतं गं, पण रात्री दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पहाटेची वाट बघायची.

शेवटी एमआरआय झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, आतली बाजू. कूर्चेच्या लगेच खाली बारीक काळी रेघ, भोवती पांढरं धुकं. "इथला हाडाचा तुकडा मेलाय," म्हणाले. ह्यांचा चेहरा उतरला आणि तिथेच विचारलं, "चहा मिळेल का कुठे?" तुला माहीतच आहे, घाबरले की चहा. तुझ्या लग्नात वरात उशिरा आली तेव्हा सात कप झाले होते!

१९६८ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हा हाड आपोआप मरतं असं वाटायचं. आता म्हणतात, बहुतेकदा ठिसूळ हाडाला कूर्चेखाली आधी चीर जाते, मग तिथला रक्तपुरवठा तुटतो. साठीच्या बायकांत जास्त. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसतच नाही. डाग साडेतीन चौरस सेंटिमीटरच्या आत असला तर बरेचदा भरून येतं, पाचाच्या पुढे हाड खचायची भीती, मग गुडघा बदलणं. माझा डाग तीनचा आहे. वॉकर घ्यायचा, डाव्या पायावर भार द्यायचा नाही, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय.

तीन म्हणजे काठावरच ना गं? पलंगापासून बाथरूम अकरा पावलं. चुकून डावा पाय टेकला की वाटतं, आत्ता खचलं. ह्यांना उठवत नाही. मुलांना "बरी आहे" म्हणते. ही भीती सांगायला तूच आहेस, आणि तुलाच सांगायची मला लाज वाटते.

१९८४ची ब्रह्मगिरीची फेरी, तिसरा श्रावणी सोमवार. तू गुडघा धरून दगडावर बसलीस. मी म्हणाले, "नाटकं पुरे," आणि सगळ्यांबरोबर पुढे निघून गेले. तू अंधारात, भिजलेली, एकटी त्र्यंबकला पोचलीस. "बाहेरून दिसत नाही म्हणून दुखत नाही का?" एवढंच बोललीस. वर आठ दिवस मीच अबोला धरला आणि माफी तू मागितलीस. डॉक्टरांनी तो स्वच्छ एक्स-रे हातात दिला तेव्हा मला तुझं ते वाक्य ऐकू आलं. म्हणून फोन उचलवत नव्हता. माझं चुकलं, सुमे. फार चुकलं.

निखिलचं ठरलं हे ताईंकडून कळलं, फार बरं झालं. तुझ्या नव्या घराला लिफ्ट आहे ना? भाऊजींच्या मोतीबिंदूचं काय झालं?

उद्या अकराला फोन करते. मी तुझे उचलले नाहीत, तू माझा उचल.

तुझी,
शालू